मानी माणसाची नामुष्की

श्रोतेहो, ताठ्याने वागणाऱ्या कुणाची फजिती झाली की गावात लगेच शब्द ऐकू येतात, 'बरी जिरली त्याची!' बोलणाऱ्याला त्यात समाधान असते, आणि ते अगदीच अकारण असते असेही नाही. त्या माणसाने आधी पुष्कळांचा पाणउतारा केलेला असतो, कुणाला मोजलेले नसते. तो खाली आला म्हणजे लोकांना बरे वाटते. पण ज्याची जिरली तो त्या रात्री घरी जाऊन काय करतो, हे कुणी बघायला जात नाही. आज आपल्याला त्या रात्रीचाच विचार करायचा आहे.

२०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्याची सरकारदरबारी नोंद आहे. त्यांतली २२,७४६ माणसे महाराष्ट्रातली होती. इतर कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. कर्ज, नापिकी, दुखणे, घरातला कलह, दारू, परीक्षा अशी नाना कारणे आपण ऐकतो. ती खरीही असतात. पण एकाच कारणाने कुणी जिवावर उदार होत नाही, बरं का. अनेक धागे एकत्र पिळले जातात तेव्हा दोर होतो. त्यांतला एक धागा माणसाच्या स्वभावाचा असतो, आणि तो बहुधा नजरेतून सुटतो. कारण तो दुबळेपणासारखा दिसत नाही, गर्वासारखा दिसतो.

मानसशास्त्रात या स्वभावाला एका ग्रीक कथेतल्या तरुणाचे नाव मिळाले आहे. नार्सिसस नावाचा देखणा तरुण तळ्याच्या पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहतो, त्याच्यावरच भाळतो आणि तिथेच झुरून संपतो, अशी ती कथा. फ्रॉइडने १९१४ साली या विषयावर निबंध लिहिला. पुढे १९७० नंतर हाइन्झ कोहुट आणि ऑटो कर्नबर्ग या मनोविश्लेषकांनी त्याचा खोल विचार केला, आणि १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारांच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद झाली. आपण मराठीत त्याला आत्मरत स्वभाव म्हणू. थोडाबहुत तो सगळ्यांतच असतो. चारचौघांत आपले कौतुक व्हावे असे कुणाला वाटत नाही? विकार म्हणण्याइतका तो फार थोड्यांत असतो, आणि तसे ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. शेजाऱ्याच्या कपाळावर शिक्का मारण्यासाठी हे भाषण नाही.

मग स्वाभिमान आणि हा स्वभाव यांत फरक काय? एक साधा दाखला घ्या. विहिरीला स्वतःचे झरे असतात. उपसा झाला तरी रात्रीतून पाणी पुन्हा चढते. हौदाला झरे नसतात. कुणी आणून ओतले तरच तो भरतो, आणि ओतणारा थांबला की तळ दिसू लागतो. स्वाभिमानी माणूस विहिरीसारखा असतो. हरला तर त्याला दुःख होते, पण आपण मातीमोल झालो असे वाटत नाही. आत्मरत माणसाचे मन हौदासारखे असते. लोकांची वाहवा, पुढची खुर्ची, नावाचा फलक, पहिला नंबर यांवर ते भरलेले राहते. म्हणून तो सारखा कौतुक मागतो. आपल्याला वाटते याला स्वतःविषयी फार वाटते. खरे पाहता, लोकांनी सांगितल्याशिवाय त्याला स्वतःची किंमतच ठरवता येत नाही.

या स्वभावाचे दोन चेहरे असतात. पॉल विंक या संशोधकाने १९९१ साली ते मोजून दाखवले. पहिला चेहरा आपल्या ओळखीचा आहे: बढाईखोर, हुकूम सोडणारा, दुसऱ्याचे न ऐकणारा. दुसरा मात्र ओळखू येत नाही. हा माणूस गप्प असतो, हळवा असतो. कुणी हसले तर आपल्यालाच हसले असे त्याला वाटते. लग्नाच्या पंगतीत आपल्याला आग्रह झाला नाही, हा सल तो वर्षानुवर्षे जपतो. आत कुठेतरी 'मी सगळ्यांहून वेगळा आहे, पण जगाला माझी कदर नाही' ही भावना धुमसत असते. पुष्कळदा हे दोन्ही चेहरे एकाच माणसात आलटून पालटून दिसतात. हा स्वभाव पुरुषांतच असतो असेही नाही. मुलींत, बायकांतही असतो. आत्महत्येच्या विचारांशी संबंध जास्त जुळतो तो या दुसऱ्या, दुखऱ्या चेहऱ्याचा.

आता दुसरा धागा पाहू. राग, लाज, दुःख ही सर्वांनाच होतात. ती मनात मावतील इतकी ठेवणे, वाट करून देणे आणि ओसरेपर्यंत थांबणे यालाच आपण भावनांवर ताबा म्हणतो. ताबा म्हणजे भावना दाबून टाकणे नव्हे. धरणाची भिंत कितीही भक्कम बांधा, त्याला सांडवा ठेवावाच लागतो. पाणी वाढले की सांडव्यावरून जाते आणि भिंत वाचते. ज्या मनाला सांडवा नाही, तिथे भिंत फुटण्याचे भय असते.

हा सांडवा कुठे कुठे बुजतो, याचा शोध किम ग्रॅट्झ आणि लिझाबेथ रोमर या अमेरिकन संशोधकांनी घेतला आणि २००४ साली तो मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यातले मुद्दे आपल्या भाषेत असे सांगता येतील. आपल्याला नेमके काय होते आहे हेच न उमगणे. जे वाटते आहे त्याचीच लाज वाटणे. मन बिघडले की हातातले काम ठप्प होणे. रागाच्या भरात हात आणि जीभ न आवरणे. आणि शेवटी, 'आता काही केले तरी बरे वाटणार नाही' असा ग्रह होणे. मानी माणसाचे नडते ते विशेषतः लाजेपाशी. 'मला वाईट वाटते आहे' हे चार शब्दसुद्धा त्याला कमीपणाचे वाटतात. रडायचे नाही, सांगायचे नाही, मदत मागायची नाही. मग शरमेचे रूपांतर रागात होते. तो राग आधी घरच्यांवर निघतो आणि कधीकधी उलटून स्वतःवरच येतो.

श्रोतेहो, हे सगळे आजच्या शास्त्रानेच शोधले असे समजू नका. महाभारताच्या वनपर्वात घोषयात्रेची कथा आहे. पांडव वनवासात हाल काढत होते. त्यांना आपले वैभव दाखवून खिजवावे म्हणून दुर्योधन गुरांची पाहणी करण्याच्या निमित्ताने द्वैतवनात गेला. तिथे चित्रसेन गंधर्वाशी लढाई झाली, कर्ण पळाला आणि दुर्योधन बांधला गेला. त्याला सोडवले कुणी? धर्मराजाच्या सांगण्यावरून भीमार्जुनांनी! ज्यांना हिणवायला गेला, त्यांनीच उपकार केला. परतीच्या वाटेवर दुर्योधनाने प्रायोपवेशनाचा निश्चय केला, म्हणजे अन्नपाणी सोडून प्राण द्यायचे ठरवले. दुःशासनाला म्हणाला, राज्य तू कर.

आता त्याच्या माणसांनी काय केले, ते बघा. दुःशासन पायांवर पडून रडला. कर्णाने युक्तिवाद केला की पांडव तुझ्याच राज्यात राहतात, त्यांनी प्रजेचे कर्तव्य केले, त्यात लाज कसली? शकुनीने तर उपदेश केला की उपकार मान, त्यांचे राज्य त्यांना परत दे. तिघांचाही जीव त्याच्यासाठी तुटत होता. पण 'तुला आत काय होते आहे' हे विचारून ते ऐकून घ्यायला कुणी बसले नाही. शेवटी दानवांनी त्याला पाताळात नेले आणि सांगितले, तुझे वरचे शरीर वज्राचे बनवलेले आहे, तुला शस्त्र लागणार नाही. खालचे देवीने फुलांचे केले आहे. वज्राची गोष्ट ऐकताच तो उठून बसला. जीव वाचला, पण हौद पुन्हा खोट्या स्तुतीने भरला, आणि पुढे काय झाले ते कुरुक्षेत्रावर सर्वांनी पाहिले.

अर्धा देह वज्राचा आणि अर्धा फुलांचा, हे मानी मनाचे चित्र विसरू नये असे आहे. आपण वज्र तेवढे बघतो आणि त्यावर घण घालतो. घाव लागतो तो फुलांना.

आजच्या गावात ही कथा कशी घडते? समजा, एका तरुणाने ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली. निकालाआधीच गुलाल आणून ठेवला, जेवणावळीची तयारी केली. आणि पडला, तोही थोडक्या मतांनी. समोरच्यांची मिरवणूक त्याच्या दारापाशी मुद्दाम थांबली, हलगी वाजली, फटाके फुटले. हा दार लावून बसला. दोन दिवस जेवला नाही. बायकोने विचारले तर तिच्यावर ओरडला. तिसऱ्या दिवशी मात्र एकदम शांत झाला, देणेघेणे वहीत लिहून काढू लागला, धाकट्या भावाला म्हणाला, 'जमिनीचं आता तूच बघ.' घरच्यांना वाटले, सावरला. श्रोतेहो, ही शांतता भुलवणारी असू शकते. अशा स्वभावाच्या माणसात उदासीची नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही. कालपर्यंत ताठ चालणारा माणूस नामुष्कीनंतर थोड्या काळातच टोकाला जाऊ शकतो. म्हणून निरवानिरवीची भाषा, जिवलग वस्तू वाटून टाकणे, 'आता मला कुणी बघणार नाही' असे बोलणे, अचानक वाढलेली दारू, एकटे राहण्याची धडपड, यांतले काही दिसले तर थांबू नका.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, त्याला एकट्याला गाठा. चारचौघांत समजूत घालणे म्हणजे जखमेवर मीठ. बैठक बसवू नका, पंच जमवू नका. ज्याच्याविषयी त्याला आदर आहे असा एकच माणूस पाठवा. मामा असेल, जुने गुरुजी असतील, तालमीतला जोडीदार असेल.

दुसरी गोष्ट, उपदेश मागाहून. आधी झालेला घाव मान्य करा. 'एवढ्याशा गोष्टीचं काय मनावर घेतोस' म्हणू नका. त्याच्या दृष्टीने ती एवढीशी नाही. 'तुला हे फार लागलंय, ते मला दिसतंय. काय काय झालं ते सांग, मी बसलोय,' एवढे म्हणा आणि खरोखर बसा. खोटी स्तुतीही नको. दानवांचा तो उपाय आपण पाहिला.

तिसरी गोष्ट, सरळ विचारा. 'जीव नकोसा झालाय का? मरणाचे विचार येतात का?' असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. उलट बोलायला वाट मिळते. सांडवा उघडतो.

चौथी गोष्ट, तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. घरातली फवारणीची औषधे आणि जिवाला अपाय होईल अशा वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा, शक्यतो दुसऱ्याच्या घरी, हलवा. ही लाट बहुधा काही वेळाने ओसरते, आणि तेवढा वेळ मिळवणे म्हणजे जीव मिळवणे. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी घातली, आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण पुढे पुष्कळ खाली आले. ऐन क्षणी साधन हाताशी नसले तर माणूस वाचू शकतो, हा त्याचा अर्थ.

इथे एक नाजूक प्रश्न येतो. काही जण 'मी जिवाचं बरंवाईट करीन' असे म्हणून घरच्यांना वाकवतात. तेव्हा काय करावे? बोलणे खरे धरा, पण मागणीपुढे वाकू नका. 'तुझा जीव आम्हाला हवाय, म्हणून आत्ताच दवाखान्यात जाऊ. पण जमीन विकायची की नाही, ते भीती घालून ठरणार नाही,' असे शांतपणे सांगता येते. मारहाण सोसणे हा तर कुणाच्याच उपचाराचा भाग नाही. बायकोने, आईने आपला जीव आधी सांभाळावा आणि शेजाऱ्यांची, पोलिसांची मदत घ्यावी.

ज्याने एकदा प्रयत्न केला आहे, त्याला पुन्हा धोका सर्वांत जास्त. गाव मात्र त्याच्याशी बोलायचे टाळते. या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. भारत, श्रीलंका, चीन, इराण आणि ब्राझील या देशांतल्या एकेका ठिकाणी तो झाला. भारतातले ठिकाण होते चेन्नई. प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ माणसांपैकी काहींना नेहमीचा उपचार मिळाला. इतरांशी शिवाय तासभर नीट बोलणे झाले आणि पुढच्या दीड वर्षात फोनने किंवा घरी जाऊन नऊ वेळा त्यांची विचारपूस झाली. २००८ साली निष्कर्ष छापून आले. नुसत्या नेहमीच्या उपचाराच्या गटात शंभरी २.२ माणसे आत्महत्येने गेली. विचारपूस झालेल्या गटात शंभरी ०.२. म्हणजे हजारी बावीस आणि हजारी दोन! त्यात काही महागडी यंत्रे नव्हती. कुणीतरी आठवण ठेवून 'कसे आहात?' विचारीत होते, एवढेच.

आता शिक्षकबंधुभगिनींसाठी थोडे. हौद भरायची सवय लहानपणीच लागते. २०१५ साली नेदरलँड्समधल्या ५६५ मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'आमचे मूल इतरांहून श्रेष्ठ आहे' असे मानणाऱ्या आईबापांची मुले पुढे जास्त आत्मरत होत गेली. ज्यांना घरात नुसती माया मिळाली त्यांच्यात निरोगी स्वाभिमान वाढला. दोन्ही ठिकाणी लाड होते. एका ठिकाणी ते नंबरावर होते, दुसऱ्या ठिकाणी मुलावर. दहावीचा निकाल लागला की चौकात पहिल्या आलेल्यांचे फ्लेक्स लागतात. लागू द्यात. पण 'तू शाळेची शान आहेस' एवढेच ऐकत वाढलेल्या मुलाला बारावीत कमी गुण पडले, तर आपण आता कोण, असा प्रश्न त्याला पडतो. त्याऐवजी 'हे गणित तू तीन वेळा चुकून चौथ्यांदा सोडवलंस, ते मला आवडलं' असे म्हणा. आणि वर्गात उर्मट मुलाला सर्वांसमोर उभे करून त्याची टर उडवू नका. चूक दाखवायलाच हवी, शिक्षाही असू द्या, पण शाळा सुटल्यावर, एकांतात. निकालाच्या दिवशी पहिला कोण आला त्याचे अभिनंदन करालच. त्याच संध्याकाळी जो पहिला येईल असे सर्वांना वाटत होते आणि आला नाही, त्याच्या घरी एक फेरी मारा.

या स्वभावासाठी म्हणून वेगळी गोळी नाही. पण सोबत उदासीनता किंवा दारू असेल तर त्यावर उपचार आहेत, आणि भावना हाताळणे शिकता येते. अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान या बाईंनी त्यासाठी एक उपचारपद्धती बसवली आणि तिचा गुण येतो हे १९९१ साली दाखवून दिले. भावनेला नाव देणे, लाट चढली की श्वास लांब घेऊन थांबणे, निर्णय उद्यावर टाकणे, मदत मागणे, या गोष्टी तिच्यात पोहण्यासारख्या सरावाने शिकवतात. आपण स्वतः तरुणपणी याच वाटेने गेलो होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. आपली दुर्बलता बोलून दाखवल्याने त्यांचा मान कमी झाला नाही.

मदतीसाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लक्षात ठेवा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते आणि समोर कुणी ओळखीचे नसते. मानी माणसाला ही शेवटची गोष्ट फार सोयीची! जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर भेटू शकतात. जिवावरचा प्रसंग असेल तर १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा सांगणारे जुन्या दंडविधानातले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही अशा माणसाला उपचार मिळवून देण्याचे कर्तव्य सरकारवर टाकतो.

शेवटी, ऐकणाऱ्यांत असा एखादा मानी जीव असेल, तर त्याच्याशी दोन शब्द. दादा, ताई, तुमची मान खाली गेली असे तुम्हाला आज वाटत असेल. गावाची चर्चा पुढच्या बाजारापर्यंत टिकते. त्यानंतर लोकांना दुसरे काहीतरी मिळते. आजची रात्र काही ठरवू नका. एका माणसाला उठवा, किंवा तो फोन लावा, आणि एवढेच म्हणा, 'मला फार लागलंय.' मोडेन पण वाकणार नाही, हे म्हणायला सोपे आहे. पण उसाचा फड वाऱ्यात वाकतो आणि वारा थांबल्यावर पुन्हा उभा राहतो, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेले आहे.

आणि बाकीच्या आपण सर्वांनी एवढे करावे: जिंकल्याचा गुलाल जरूर उधळावा, पण मिरवणूक हरलेल्याच्या दारात थांबवू नये.